चौघींची जीप

मराठी गोष्टीत मास्तर एकटा येतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत एकटाच पोचतो. पुलंचे चितळे मास्तर अख्ख्या शाळेला पुरून उरतात. शेजारच्या वर्गावर कोण शिकवत होतं, हे विचारायचंही आपल्याला सुचत नाही. द. मा. मिरासदारांनी स्वतः वर्षानुवर्षं शिकवलं. त्यांच्या कथेतल्या वर्गात पोरांची टोळी असते आणि समोर खुर्चीत मास्तर एकटा. बाई मात्र एकट्या येत नाहीत. निदान आमच्याकडे, परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या वालूरला त्या कधी एकट्या आल्या नाहीत. सकाळी शाळा भरायच्या जरा आधी जीपचा मागचा फाळका उघडायचा आणि चौघी उतरायच्या.

त्यांतली एक माझी आई. पुढच्या पानांत दूरचित्रवाणीवरच्या शिक्षिकांविषयी, आणि त्यातही हसवणाऱ्या शिक्षिकांविषयी, मी जे काही लिहिलं आहे त्याची सुरुवात कोणत्याही वाहिनीपासून होत नाही. ती या जीपपासून होते. म्हणून प्रस्तावनेत आधी जीप.

आई पहिलीच्या वर्गावर. दुसऱ्या गणिताच्या बाई. त्यांना मागं बसलं की मळमळायचं, म्हणून ड्रायव्हरशेजारची सीट कायमची त्यांची. तिसऱ्या उर्दू शाळेच्या आपा. आणि चौथी सगळ्यांत धाकटी, शिक्षणसेविका. शिक्षणसेवक योजना महाराष्ट्रात २००० साली आली. तीन वर्षं ठरावीक मानधन, प्राथमिकला तेव्हा महिना तीन हजार रुपये, आणि तीन वर्षं नीट गेली तर पुढं वेतनश्रेणी. आई तिला 'ताई' म्हणायची. कुणी विचारलं तर सांगायची, "बाई व्हायला अजून तीन वर्षं आहेत तिला." त्या तीन हजारांतून जीपचं महिन्याचं भाडं जायचं, ते कधी कधी बाकीच्या तिघी परस्पर देऊन टाकायच्या आणि ड्रायव्हरला सांगायच्या की ताईला कळू देऊ नको. ड्रायव्हर तिला दुसऱ्याच दिवशी सांगायचा.

सेलू ते वालूर अशा या रोजच्या जाण्यायेण्याला आमच्याकडे अपडाऊन म्हणतात. हा शब्द इंग्रजी आहे हे मराठवाड्यात आता कुणाला सांगूनही पटायचं नाही. शासनाचा नियम असा की शिक्षकानं मुख्यालयी राहावं, म्हणजे शाळा ज्या गावात त्याच गावात. घरभाडे भत्ता त्यासाठीच. कागदावर चौघी वालूरलाच राहत. साहेब तपासणीला येणार असा निरोप आला की आदल्या दिवशी जीपमध्ये चर्चा व्हायची ती एवढीच, की आपण चौघी नेमक्या कुणाच्या माडीवर राहतो. एकदा चौघींनी चार वेगळ्या माड्या सांगितल्या होत्या. त्यातली एक माडी पावसाळ्यात पडलेली होती. हा प्रसंग कुणी लिहिलेला नाही, पण लिहिला असता तर बावीस मिनिटांचा एक अख्खा भाग निघाला असता, आणि शेवटी काहीही न बदलता दुसऱ्या दिवशी जीप तितक्याच वाजता निघाली असती.

सिटकॉम म्हणतात तो प्रकार नेमका हाच. थोडी माणसं, एकमेकांना सोडून जाता न येणारी. एक ठरलेली जागा. आणि काहीही घडलं तरी संध्याकाळी सगळं पुन्हा होतं तिथं. नाटकात माणूस बदलावा लागतो, कादंबरीत तो मोडला तरी चालतो; इथं तो जसाच्या तसा परत आणून सोडावा लागतो. अपडाऊनचं तरी दुसरं काय असतं?

अमेरिकेला हे फार लवकर समजलं. 'अवर मिस ब्रुक्स' ही मालिका १९४८ साली आधी रेडिओवर सुरू झाली आणि १९५२ ते १९५६ या काळात दूरचित्रवाणीवरही चालली. इव्ह आर्डन या अभिनेत्रीनं रंगवलेली ही इंग्रजीची शिक्षिका जिभेनं तिखट, पगारानं कायम तंग. हेडमास्तर खेकसणारा, घरमालकीण विसरभोळी, आणि जीवशास्त्राचा मास्तर इतका लाजाळू की बाईंचं मन त्याला वर्षानुवर्षं कळत नाही. या भूमिकेसाठी आर्डनला एमी पुरस्कार मिळालाच. गंमत म्हणजे खऱ्याखुऱ्या शाळांनी तिला शिकवायला येण्याबद्दल विचारणा केली. आणि लग्न? ते लांबवत लांबवत १९५६ च्या चित्रपटाच्या शेवटापर्यंत नेलं. लग्न जुळलं आणि गोष्ट संपली. आपल्याकडे लग्न झालं की मालिका सुरू होते. या एका फरकावर माझं अर्धं पुस्तक उभं आहे.

पुढं २०११ साली 'न्यू गर्ल' आली. जेस नावाची शिक्षिका प्रेमभंग होऊन तीन पुरुषांच्या घरात राहायला येते आणि सात हंगामांत, १४६ भागांत, ती मंडळी एकमेकांच्या डोक्यावर बसतात. जेसची मध्येच नोकरी जाते, पुन्हा मिळते, पुढं ती मुख्याध्यापिकासुद्धा होते. तरी खरी गंमत वर्गात नाही, घरातल्या सोफ्यावर आहे. मला ही मालिका आवडते. पण शिक्षिका तिथं व्यवसायापेक्षा स्वभाव म्हणून जास्त येते. रंगीत कागद, गाणी, भाबडेपणा. शाळेची खरी मालिका आली ती दहा वर्षांनी, २०२१ च्या डिसेंबरात: 'अ‍ॅबट एलिमेंटरी'. फिलाडेल्फियातली सरकारी शाळा, पैशाची कायमची चणचण. लिहिणारी आणि मुख्य काम करणारी क्विंटा ब्रन्सन ही बालवर्गाच्या शिक्षिकेची मुलगी, आणि शाळेला नाव दिलं ते तिला सहावीत शिकवणाऱ्या बाईंचं. शिक्षिकेच्या घरात वाढलेल्या मुलीलाच असलं सुचतं, असं म्हणायचा मोह होतो. मोह माझाही स्वार्थी आहे, हे कबूल.

भारतात वर्गातला विनोद आला तो मास्तरच्या बाजूनं. १९७७ च्या 'माइंड युवर लँग्वेज' या ब्रिटिश मालिकेवरून १९९३ मध्ये 'जबान संभाल के' झाली. पंकज कपूर हिंदी शिकवणारे, समोर देशोदेशीचे आणि प्रांतोप्रांतीचे प्रौढ विद्यार्थी. त्यांत मराठी गडी विजू खोटे आणि संस्थेच्या प्रमुख शुभा खोटे. सख्खी बहीणभावंडं एकाच वर्गाच्या दोन बाजूंना. वर्गावर बाई नव्हत्याच.

मराठी दूरचित्रवाणीचा विनोद तर मुळात घरचा. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि त्याच दशकात 'चिमणराव-गुंड्याभाऊ' आले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. मूळ लेखक चिं. वि. जोशी बडोद्याला पालीचे प्राध्यापक. पण त्यांचा चिमणराव कारकून. २००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली, प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. माझ्या मते मराठीतली ही सगळ्यांत सुघड विनोदी मालिका, आणि त्याचं कारण सोपं आहे: टिपऱ्यांच्या घरात कुणी खलनायक नव्हता.

टिपरे आम्ही सेलूच्या घरी बघायचो, लाईट असली तर. त्या काळात लाईट जाणं हा अपवाद नव्हता, वेळापत्रक होतं, आणि गावातल्या सगळ्या भागांची लाईट एकाच वेळी जायची नाही. त्यामुळं चौघींपैकी एकीच्या तरी घरी भाग दिसलेला असायचा, आणि दुसऱ्या दिवशी जीपमध्ये तिनं तो बाकीच्यांना सांगायचा. सुट्टीत मीही कधी आईसोबत जायची, म्हणून हे मी कानांनी ऐकलेलं आहे. गणिताच्या बाई सांगायच्या तेव्हा भाग सात मिनिटांत संपायचा. आपा सांगायच्या तेव्हा आबा टिपरे उर्दूत बोलायचे. ताई फक्त आबांच्या नातवाचे, शिऱ्याचे, संवाद सांगायची. आई शेवट बदलायची. तिला शेवट आवडला नसला की ती स्वतःचा घालायची, आणि पुढच्या आठवड्यात गोष्ट जुळेना म्हणून भांडण व्हायचं. खिडकीबाहेर कापसाची शेतं, मध्येच एखादी जिनिंगकडं निघालेली गाडी आडवी. ड्रायव्हर आरशातून बघत म्हणायचा, "मंग? आबा काय म्हनले?"

या चौघी जे टिपऱ्यांचं घर बघत होत्या त्यापेक्षा चांगली मालिका त्या स्वतः रोज दोनदा करत होत्या. हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मित्रमैत्रिणींची मराठी मालिका यायला २०१५ उजाडलं. 'दिल दोस्ती दुनियादारी' झी मराठीवर आली. मुंबईतलं एक घर आणि त्यात सहा जण. टिपऱ्यांच्या घरातल्या श्यामला म्हणजे शुभांगी गोखले, आणि इथल्या रेश्मा म्हणजे त्यांची मुलगी सखी. एका पिढीत मराठी विनोद कुटुंबातून बाहेर पडून दोस्तांत आला, तो असा आईकडून लेकीकडं. पण मुंबईच्या घरात. खेड्यातल्या जीपपर्यंत तो अजून आलेला नाही.

शिक्षिका मात्र आल्या, आणि गाजल्या. 'तुझ्यात जीव रंगला'मधल्या पाठक बाई ठाऊक नाहीत असं घर महाराष्ट्रात शोधावं लागेल. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झालेली ही मालिका कोल्हापूरकडची. अक्षया देवधर शिक्षिका अंजली, हार्दिक जोशी पैलवान राणादा, आणि त्याचं ते 'चालतंय की'. पहिले काही महिने मला ही मालिका फार आवडत होती. दांडगा गडी शाळेच्या दारात उभा राहून बाईंना घाबरतो, यात खरा विनोद होता आणि थोडी खरी भीतीसुद्धा; अक्षरं ज्याच्या ताब्यात आली नाहीत त्याला फळा कसा दिसतो, हे त्यात होतं. मग लग्न झालं. शाळा हळूहळू मागं सरकली, गायकवाडांचा वाडा पुढं आला आणि वहिनीसाहेबांची कारस्थानं सुरू झाली. (पुढं त्या दोघा कलाकारांनी प्रत्यक्षातही लग्न केलं, डिसेंबर २०२२ मध्ये. आईनं बातमी वाचून विचारलं, "मग ती आता शिकवायला जाते का?")

मार्च २०२३ मध्ये 'तुला शिकवीन चांगलाच धडा' आली तीही याच वाटेनं. शिवानी रांगोळेची अक्षरा शिक्षिका, हृषिकेश शेलारचा अधिपती श्रीमंत पण शिक्षणाला पारखा, आणि त्याच्या तोंडी सतत 'मास्तरीणबाई'. कविता मेढेकरांची भुवनेश्वरी समोर असल्यावर वर्गात कोण थांबणार! दोन्ही मालिकांत बाईंना एक पुरुष मिळाला, एक मोठं घर मिळालं, एक शत्रू मिळाली. स्टाफरूम मिळाली नाही. डबा खायला शेजारी कुणी बसलं नाही.

यात लेखकांचाच दोष काढणं बरोबर नाही. आठवड्याला सहा भाग द्यायचे तर गोष्ट पुढं ढकलत राहावी लागते, आणि सिटकॉम पुढं जात नाही, हीच तिची खोड. वाड्याचा सेट एकदा उभा केला की तो वर्षानुवर्षं चालतो. वर्ग उभा करायचा तर समोर तीस पोरं बसवावी लागतात, आणि बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणं बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त, आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. नियम योग्यच आहे. पण बारा तासांची पाळी लावून रोजचा भाग काढणाऱ्या निर्मात्याला पोरांनी भरलेला वर्ग परवडत नाही, सासू परवडते. यावर माझ्याकडं एकच उत्तर आहे: पोरं वर्गात राहू द्या, कॅमेरा जीपमध्ये लावा.

मालमसाल्याची तर ददात नाही. १९९५ साली शालेय पोषण आहार सुरू झाला तेव्हा पोराला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, अट ऐंशी टक्के हजेरीची. ऐंशी टक्के म्हणजे किती दिवस, हा हिशोब पालकांना गणिताच्या बाईंपेक्षा पक्का यायचा. पुढं सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा आदेश आला, कोरड्या तांदळाऐवजी शिजवलेलं अन्न द्यायचं ठरलं, आणि शाळाशाळांत खिचडी आली. खिचडीबरोबर चव नोंदवही आली. पोरांना वाढण्याआधी शिक्षकानं चाखायची आणि चव कशी होती ते लिहून सही करायची. आईच्या हातची अशी एक वही मी बघितली आहे. पानंच्या पानं 'चव चांगली'. मध्येच एका तारखेला 'चव ठीक', आणि त्याच्याखाली मुख्याध्यापकांच्या अक्षरात: 'ठीक म्हणजे काय? खुलासा करावा.' खुलासा आईनं दिला होता, दीड पानाचा. तो वाचून मला पहिल्यांदा कळलं की आई लेखिका होऊ शकली असती.

किंवा सेल्फीचं घ्या. २०१६ च्या नोव्हेंबरात आदेश निघाला की शिक्षकांनी दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून 'सरल' या प्रणालीवर चढवावा, म्हणजे गळती रोखता येईल. राज्यभर आरडाओरडा झाला आणि आदेश टिकला नाही. पण तो यायच्या बातमीनंच चौघींनी तयारी सुरू केली होती. आपांना सेल्फी काढायचा म्हणजे फोन कुठल्या बाजूनं धरायचा तेच कळेना. सलग चार फोटोंत त्यांचा अंगठाच आला. ताई, जी तोवर रीतसर बाई झाली होती, रेंजच्या शोधात शाळेच्या गच्चीवर चढली.

शिक्षकांच्या अशा उद्योगांवर मराठीत एक उत्तम कादंबरी आहे, रमेश इंगळे उत्रादकरांची 'निशाणी डावा अंगठा', बुलढाण्याकडच्या साक्षरता अभियानावरची. तिच्यातला उपहास कडू आहे आणि तो तसा असणंच योग्य आहे. माझ्या मनातली मालिका त्याहून हलकी, म्हणून कदाचित अवघड. आमच्या भागाला हसू शोभत नाही, असा एक समज आहे. या भागाचं साहित्यातलं नाव सांगायचं तर सातोन्याचे बी. रघुनाथ सांगायचे, ज्यांना निजामी राजवटीत मराठी लिहावं लागलं; किंवा आसाराम लोमटे, ज्यांच्या 'आलोक'ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोघांनी इथल्या माणसाची होरपळ लिहिली, आणि त्यावर माझा एक शब्दाचाही आक्षेप नाही. पण होरपळीच्या वर्षीसुद्धा जीपमध्ये हसणं चालू होतं. शनिवारी सकाळची शाळा असली की आपा सुशीला करून आणायच्या, मुरमुऱ्यांची, भरपूर शेंगदाणे घातलेली, आणि पहाटेच्या गारठ्यात पेपरच्या कागदावर ती चौघींत वाटली जायची. मराठवाडी बोली पडद्यावर आली ती मकरंद अनासपुरेंच्या तोंडून, बहुधा बेरकी किंवा भाबड्या पुरुषाची बोली म्हणून. परभणीचा संकर्षण कऱ्हाडे आज घराघरांत ठाऊक आहे. आमच्या बायकांची बोली, "बाई, चला की, जीप निघायली" ही, अजून कुणी नीट ऐकवलेली नाही. आणि शिकलेल्या बाईची बोली तर दुहेरी. वर्गात प्रमाण मराठी, जीपचा फाळका लागला की दुसरी. बोली बदलायची ती जागा, तो फाळका, हीच खरी विनोदाची जागा आहे असं मला वाटतं.

वालूरची ओळख आता बाहेरच्यांना आहे ती बारवेमुळं. गोल बारव, पायऱ्या चक्रासारख्या फिरत खाली गेलेल्या. आईच्या काळात ती झाडोऱ्यानं आणि गाळानं भरलेली होती, पोरांनी तिकडं जायचं नाही अशी ताकीद असायची. पुढं गावकऱ्यांनी श्रमदानानं ती मोकळी केली आणि आता लांबून लोक फोटो काढायला येतात. मी आईला दाखवायला घेऊन गेले तेव्हा ती काठावरूनच बघत राहिली आणि म्हणाली, "आम्ही इथं इतकी वर्षं आलो, आणि पोरांना लेणी दाखवायला वेरुळाला सहल नेत होतो."

पुस्तकाविषयी थोडं. यात मी मालिकांचे भाग मोजलेले नाहीत, टीआरपीचे तक्तेही दिलेले नाहीत. हिंदीतल्या शाळा मी थोडक्यात उरकल्या आहेत, कारण बहुतेक शाळा नसून प्रेमात पडायच्या बागा आहेत. मिस ब्रुक्सवर मात्र तीन प्रकरणं आहेत. कुणाला ती जास्त वाटतील. चौघींची नावं मी कुठंच लिहिलेली नाहीत. तिघी आता सेवानिवृत्त आहेत. धाकटी २०१८ च्या ऑनलाइन बदल्यांत दुसऱ्या तालुक्यात गेली. तिकडं तिची जीप वेगळी, चौघी वेगळ्या, आणि तिथं आता तीच सगळ्यांत मोठी. आपांनी मसुदा ऐकला आणि एकच दुरुस्ती सांगितली: त्यांचा अंगठा चार नव्हे, तीनच फोटोंत आला होता. मी बदललेलं नाही.

मसुदा संपवायच्या आठवड्यात मी आईला 'अ‍ॅबट एलिमेंटरी' दाखवली. संवादांचं मराठी मी शेजारी बसून करत होते, म्हणजे जीपमधलं जुनं काम आता माझ्याकडं आलं होतं. पहिल्या भागात वर्गातली सतरंजी खराब होते आणि नव्या सतरंजीसाठी बाईंची धावपळ सुरू होते. पैसे येतात, ते मुख्याध्यापिका भलत्याच ठिकाणी खर्चून बसते. आई इतकी हसली की डोळे पुसावे लागले. "सादिलमध्ये टाकायचं ना," ती पडद्याकडं बघून म्हणाली, "सतरंजी सादिलमध्ये बसते." सादिल म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचा निधी. दुसरा भाग तिनं शांतपणे बघितला. संपल्यावर चष्मा काढला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, "शाळा सुटल्यावर या घरी कशानं जातात? एकत्र जातात का?"